रोशाचं तेल आणि सरलाच्या पोटातली गाठ

माझं नाव रामदास, पण ह्या नावानं तुम्ही गावात विचारलं असतं तर कोणी ओळख दिली नसती, रोशावाला आबा म्हटलं म्हणून तुम्हाला इथवर आणून सोडलं. बसा ना, खाट जरा इकडे ओढा, तिकडे धूर येतो. आणि हे बघा भाऊ, घरात आमचं बठ्ठं, म्हणजे सगळं, अहिराणीत चालतं, तुमच्यासाठी मी मराठी बोलू राहिलो, मधेच आहेच्या जागी शे नि होतंच्या जागी व्हतं निघालं तोंडातून तर तुम्ही आपलं समजून घ्या, लिहिताना सुधारायचं तर सुधारा, नाहीतर राहू द्या, मला काय, मी थोडाच वाचणार आहे.

आम्ही शिरपूर तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे. माझा बाप डोंगरातून गवताचे भारे आणायचा. पाऊस सरत आला की तिकडे उतारावर रोशा फुलावर येतो, लालसर तुरे असतात त्याचे, हातावर चोळला तर गुलाबासारखा वास. ते गवत कापायचं, जरा सुकवायचं आणि भट्टीवर घालायचं. भट्टी रहीमचाचांची होती, शिरपूरचे, त्यांचे बापजादे हेच काम करत आलेले. आता तुम्हाला समजेल असं सांगतो, ती बघा ती मोठी टाकी, तिच्यात गवत दाबून भरायचं, खाली पाणी, त्याच्याखाली आग. वाफ ह्या नळीतून जाते, नळी गार पाण्याच्या हौदातून जाते, तिकडून पाणी नि तेल सोबतच येतं, तेल वर तरंगतं, ते वरच्या वर काढून घ्यायचं. एवढंच. एवढंच म्हणतो मी, पण आग जास्त झाली की तेलाला जळका वास लागतो नि मग ते कोणी घेत नाही, आणि चाचा तर असे खवट, आग मोठी दिसली की लांबूनच बोंबलायचे, क्यों रे, शादी का खाना पकाता क्या. मी त्यांच्या हाताखाली शिकलो. चाचांची पोरं सुरतेला निघून गेली, चाचा थकले, तर भट्टी मलाच देऊन टाकली त्यांनी, म्हणे तू तरी पेटती ठेव. माणूस गेला बिचारा. त्यांच्यासारखं तेल माझ्या हातून अजून निघत नाही, खोटं कशाला बोलू.

हे तेल सांधे धरले, कंबर धरली तर वरून चोळायला नेतात, आणि अत्तरवाले, साबणवाले नेतात. त्याच्यावरच आमचं चाललं. पण तुम्ही तेलाचं ऐकायला नाही आले, मला माहीत आहे, तुम्ही सरलाचं ऐकायला आलात. येतो, तिच्यावरच येतो.

सरला माझी एकुलती आंडेर. आंडेर म्हणजे लेक, आमच्यात असं म्हणतात. लग्नानंतर पुष्कळ वर्षं आम्हाला मूल नव्हतं. काय सांगू तुम्हाला, माझ्या बायकोला लोकांनी काय काय ऐकवलं, आणि तिनं एक उलटा शब्द काढला नाही कधी, तिच्या जागी मी असतो तर टाळकं फोडलं असतं एकेकाचं. मग आम्ही डोंगरावरच्या देवीला नवस बोललो, मूल होऊ दे, पोरगा पोरगी काही चालेल, दरसाल तुला बोकड देईन. आणि सरला झाली. मग दरसाल बोकड. तिच्या नावाचा बोकड, तिला घेऊन जायचो वर, कपाळाला कुंकू लावून, नवं झंपर घालून, आणि ती बोकडाच्या गळ्यात हार घालायची नि मग दुसरीकडे तोंड करून रडायचीबी, लहान होती ना.

आता आमच्यात एक रीत आहे, ती नीट ऐका, कारण बठ्ठं तिथूनच आहे. बोकड फाडला आणि त्याच्या कलेजीवर पाण्याचे फुगे निघाले, असे बोराएवढे, लिंबाएवढे, पांढरे, तर म्हणायचं की देवीनं मान घेतला, तिनं हात लावला. मग ती कलेजी माणसानं खायची नाही. फेकायची तर मुळीच नाही, देवीचा वाटा कसा फेकायचा. ती राखणीच्या कुत्र्याला द्यायची, मोठ्या मानानं, पानावर ठेवून, हळदकुंकू वाहून. आणि पान कोणी ठेवायचं, तर जिच्या नावाचा बोकड तिनं. म्हणजे सरलानं. आमचा कुत्रा होता मोत्या म्हणून, ती नि तो एका गोणपाटावर बसायचे, तो तिचं तोंड चाटायचा, ती त्याला भाकरी द्यायची नि त्याच हातानं स्वतःबी खायची. घरात कोणाला त्यात काही वाटलं नाही. गावात अजूनबी कोणाला वाटत नाही.

सरला मोठी झाली, लग्न करून दिलं फैजपूरकडे, जावई केळीच्या गाड्या भरतो, चांगला आहे हो, हसतमुख. चार लोकांसारखं चाललं होतं. मग तिच्या उजव्या कुशीत दुखायला लागलं. आधी तिला वाटलं पित्त आहे, सासू म्हणे ओझं उचललं असेल, जावई म्हणे आराम कर. आखाजीला, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली तर झोक्यावर बसेना. अहो, आखाजीला लेक माहेरी येते ती झोक्यासाठीच, आणि ही बाकीच्यांची गाणी ऐकत नुसती उंबऱ्यात बसलेली. तिच्या मायनं पोटावर हात ठेवला तर आत कडक लागलं. धुळ्याला नेलं. सोनोग्राफी केली, मग मोठ्या मशीनमध्ये घातलं, आणि डॉक्टरनं मला आत बोलावलं नि पहिला प्रश्न काय विचारला माहीत आहे, घरी कुत्रा आहे का. मला राग आला. म्हटलं साहेब, लेकीचं सांगा ना, कुत्र्याचं काय विचारता.

मग त्यांनी समजावलं, भला माणूस होता, कागदावर चित्र काढून समजावलं. एक जंत असतो म्हणे, पट्टीसारखा चपटा, एकदम बारीक, कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, त्याच्या केसांना लागतात, तोंडाला लागतात, आणि तिथून गवतावर, पाण्यात, माणसाच्या हातात. बोकड खातो तर बोकडाच्या कलेजीत फुगे धरतात, माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या. आणि ती फुग्याची कलेजी कच्ची कुत्र्यानं खाल्ली की पुन्हा त्याच्या पोटात जंत. असं चाक आहे. सरलाच्या लिव्हरवर तशीच पाण्याची गाठ, नारळाएवढी. लहानपणीच गेलं असेल म्हणे, वर्षानुवर्षं हळूहळू वाढत असतं, कळत नाही.

मी तिथं खुर्चीवर बसलेलो, आणि मला ते पान दिसू लागलं, हळदकुंकू वाहिलेलं. ज्या देवीनं लेक दिली तिचाच मान आम्ही लेकीच्या हातानं कुत्र्यापुढे ठेवला दरसाल. तुम्ही सांगा, कोणाला बोलू मी? देवीला बोलू? मोत्याला बोलू, तो तर कधीचा मेला. माझ्या बापानं तेच केलं, त्याच्या बापानं तेच केलं. डॉक्टरला हे सांगितलं तर ते म्हणे आबा, तुमचा काही दोष नाही, पण गावात सांगा, अशी कलेजी जाळा, नाहीतर खोल पुरा. मी येऊन सांगितलं, देवीजवळ बठ्ठे जमले होते तेव्हा उभा राहून सांगितलं. देवीचा भगत, पूजा करतो तो, म्हणे आबा, तुन्हं दुख आम्हाले समजस, पण देवीना वाटा कसा जाळवा. आणि त्याच दिवशी, माझ्या डोळ्यांदेखत, पान ठेवलं कुत्र्यापुढे, एका दुसऱ्याच लहान पोरीनं. मी तिचा हात धरायला गेलो तर तिच्या आजीनं मला बाजूला केलं. काय करणार होतो मी, तुम्हीच सांगा.

तर उपाय काय, गाठ काढायची, पोट फाडून. पण आधी गोळ्या, म्हणजे आतला जंत जरा मरेल, गाठ फुटली तरी पसरणार नाही. गाठ आत फुटली तर जिवाला धोका, म्हणून आदळू देऊ नका, ओझं देऊ नका, असं फार बजावलं त्यांनी. धुळ्याच्या खेपा होता होता पाऊस सरला, तेव्हा जावयानं तिला इथं आणून सोडलं, म्हणजे तिकडे काम पडतं ना घरचं, इथं माय बघेल. ती इथंच, ह्याच सावलीत बसायची, बाटल्या धुवायची, मी तेल काढायचो. गोळ्या सुरू होत्या. डोकं दुखायचं, केस गळायचे, पण घेत होती.

त्याच हंगामात एका कॉलेजच्या मॅडम आल्या. तरुण, स्कूटीवर, तोंडाला ओढणी बांधून. म्हणे आबा, तुमच्याकडे चोख रोशाचं तेल मिळतं असं ऐकलं, बाजारात भेसळ असते. मी म्हटलं कशाला पाहिजे, सांधे धरले का ह्या वयात. हसल्या. म्हणे नाही हो, आम्ही वनस्पतींच्या तेलांचा अभ्यास करतो, ओव्याचं, लवंगेचं, रोशाचं, ते जंतांवर चालतं का ते बघतो. कोणते जंत, मी विचारलं. आणि भाऊ, त्यांनी नेमकं तेच सांगितलं, पट्टीसारखे, त्यातली एक दुसरी जात बोकडाच्या आतड्यात असते ती, आणि त्या कलेजीवरच्या फुग्यांमधले बारीक किडेबी आणतो म्हणे कत्तलखान्यातून. सरला तिथंच बसलेली, हातात बाटली, पाणी गळू राहिलं नि तिला भान नाही.

मग? मी विचारलं. मरतात का?

मॅडम खुश झाल्या, कोणी तरी विचारलं म्हणून असेल. म्हणे मरतात, आबा, काचेच्या बशीत तेलाचं पाणी टाकलं की वळवळ मंदावते आणि थोड्या वेळात थांबतात. पण ते काचेत, म्हणे. काचेत जंत उघडा असतो. अंगात गेल्यावर काय होतं ते अजून कोणाला नीट माहीत नाही, आधी उंदरांवर बघावं लागेल, किती दिलं तर विष होतं ते बघावं लागेल, पुष्कळ वर्षांचं काम आहे. मग मी त्यांना सरलाचं सांगितलं. बाईचा चेहरा असा पडला, हातातली बाटली खाली ठेवली त्यांनी. सरलाजवळ जाऊन बसल्या. म्हणे ताई, हे तेल तुम्ही चुकूनही पोटात घेऊ नका, तुमच्या गाठीला जाड कवच असतं, तिथवर हे पोचणार नाही, उलट लिव्हरला इजा होईल. दोनदा सांगितलं. मला सांगितलं, तिच्या मायला चुलीपाशी जाऊन सांगितलं. त्यांची काही चूक नाही, हे तुम्ही लिहाच.

पण एकाच माणसाचं एकच बोलणं, मी एक ऐकलं नि पोरीनं दुसरं. तिच्या कानात मरतात एवढंच राहिलं. पोट फाडायला ती घाबरायची हो, फार घाबरायची, तारीख मिळाली तसा तिचा जेवणातून जीव उडाला. एक दिवस मी भट्टीत गवत भरू राहिलो तर मागे येऊन उभी राहिली, म्हणे आबा, तुन्हा हातनं तेल काचमा जंत मारस, मंग मन्हा पोटमा का बर मारनार नही? मी काय सांगू? मी म्हटलं बेटा, मॅडम म्हणाल्या ना. ती म्हणे मॅडमले तरी कोठे माहीत शे, त्याच म्हणतीस माहीत नही म्हणून.  मी रागावलो नुसता. म्हटलं पुन्हा बोललीस तर बघ. बाप दुसरं काय करतो, उत्तर नसलं की रागावतो.

मी तेलाचे डबे कुलपात ठेवू लागलो. पण तेल कुठं कुठं कुलपात ठेवाल तुम्ही, ते तर समोर टपकत असतं ना हौदाजवळ. आणि धुवायच्या बाटल्या तिच्याच हातात. ती गुळाच्या खड्यावर थेंब टाकून घ्यायची, हे नंतर समजलं. आधी एक थेंब, मग जास्त. कडू औषध गुळावरच घेतात ना आपल्याकडे, लहानपणी तिच्या मायनंच तिला तशी सवय लावलेली. तोंडाला वास यायचा तर आम्हाला काय समजणार, आमच्या भाकरीलाबी तोच वास. दुसऱ्या कोणाच्या घरात पहिल्याच दिवशी पकडली असती पोरगी. गोळ्या चालू, आणि वरून हे तेल. तिला वाटायचं दोघं मिळून लवकर मारतील.

आधी तोंड आलं, मग उलट्या. आम्हाला वाटलं गोळ्यांनी होतं आहे. मग डोळे पिवळे झाले. जावयाला फोन केला, तो गाडी घेऊन आला, धुळ्याला नेलं, तोवर ती बरळू राहिली होती. डॉक्टरनं रक्त तपासलं, म्हणे हे नुसत्या गोळ्यांनी होणार नाही, काय दिलं हिला? मी म्हटलं काहीच नाही साहेब, आईची आण. आणि ती खाटेवरून, डोळे मिटलेले, म्हणे आबाले काही बोलू नका, मीच घिदं.  जावई बाहेर जाऊन उभा राहिला, बराच वेळ त्याची पाठच दिसत होती मला काचेतून.

वाचली. देवाची कृपा म्हणा, डॉक्टरांची म्हणा. पण आता असं आहे, लिव्हर दुखावलेलं, म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं. गोळ्याबी बंद केल्या, त्या लिव्हरला सोसत नाहीत आता. आणि गाठ काही कोणाची वाट पाहत नाही, मागच्या खेपेला बघितली तर वाढलेली. डॉक्टर म्हणतात थांबू, रक्त सुधारलं की बघू. कधी सुधारेल ते त्यांनाबी सांगता येत नाही. गोळी नाही, ऑपरेशन नाही, तेल तर नाहीच. नुसतं बसून राहायचं. मी तर म्हणतो भाऊ, दुसऱ्या कोणत्या कामाचा तरी असतो मी, सुतार असतो, कुंभार असतो, तर एवढं लागलं नसतं. हातानं जे काढतो तेच समोर असतं, बशीतला जंत त्यानं मरतो, आणि माझ्या घरात त्याचा काही उपयोग नाही. डोकं आपटावंसं वाटतं कधी कधी ह्या टाकीवर.

मॅडम अजून येतात. त्यांना फार लागलं ते, रडल्या इथं बसून, म्हणे आबा, मी आलेच नसते तर बरं झालं असतं. मी म्हटलं असं बोलू नको बेटा, तू तर सांगितलं होतं. मी तेल देतो त्यांना अजून, पहिल्या धारेचं. एकदा विचारलं, तुझं ते औषध कधी होईल. त्यांनी बाटलीचं बूच घट्ट केलं. मग म्हणे, होईलच असं नाही, आबा. चांगली पोरगी आहे, खोटं सांगत नाही. मला मात्र त्या दिवशी खोटं चाललं असतं.

आता ऐका, मुख्य गोष्ट तर राहिलीच. कॉलेजच्या बाई रोशावाल्याकडून जंताचं औषध नेतात असं कुठून कुठं पसरलं. लोक येऊ लागले. पोराच्या पोटात जंत आहेत, आबा, थोडं तेल द्या. बकरीला द्यायचं आहे, आबा. मी हाकलतो बठ्ठ्यांना. शिव्या खातो. तर परवा जामनेरकडून एक माणूस आला, माझ्याच वयाचा, बायकोला घेऊन. ती बाई रिक्षातच बसलेली, कुशीला हात लावून, मी लांबूनच ओळखलं. फाइल पुढे केली त्यानं, तीच गाठ. म्हणे दोनदा ऑपरेशन झालं, परत आली, आता डॉक्टर हात लावत नाहीत. मी म्हटलं भाऊ, नाही, हे पोटात घ्यायचं नाही. तो माझ्या पाया पडायला लागला. मी मागे सरलो. मग तो चिडला, म्हणे तुमच्या घरात असतं तर तुम्ही दिलं नसतं का, दुसऱ्याची बायको म्हणून नाही म्हणता. तिथं त्या दगडावर बसून राहिला, म्हणे घेतल्याशिवाय उठत नाही.  सांगायला एक वाक्य पुरे होतं, पण ते घराच्या दारात कसं बोलू, पोरगी आत निजलेली.

ती निजलेली नव्हती. भिंतीला धरून धरून बाहेर आली. तिला चालवत नाही, आणि तुम्ही पाहिलं नाही तिला, बघाल तर, अंगावर हाडं नि पोट तेवढं पुढे, डोळे अजून हळदीसारखे. त्या माणसासमोर उभी राहिली, डोक्यावरचा पदर मागे केला, तोंड नीट दिसावं म्हणून, आणि म्हणे, भाऊ, हाई तेल मी पेयेल शे. मन्हाकडे देखी ल्या.

त्यानं पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग उठला, फाइल काखेत घातली, तिला हात जोडले नि रिक्षाकडे गेला. त्याची बायको रिक्षातून वाकून वाकून सरलाकडे बघत होती, रिक्षा वळेपर्यंत.

मी पोरीला धरायला उठलो तर म्हणे राहू दे आबा, मी जासू. आणि त्याच्यानंतर ती रोज दाराशी खाट टाकायला लावते. कोणी तेल मागायला आलं की मला बोलू देत नाही, स्वतः उठून बसते नि तोंड दाखवते. मी म्हटलं बेटा, नको, मी सांगतो लोकांना. ती म्हणे तुन्हं कोणी ऐकत नही, आबा.

उद्या धुळ्याला जायचं आहे, रक्त तपासायला. जावई येईल सकाळी. तुम्ही तिला भेटून जा, बोलेल ती, पण फार वेळ बसू नका, थकते. आणि तोंडाकडे बघायला लाजू नका, तिला आवडत नाही कोणी नजर चुकवली तर. तुमचं भलं होवो, एवढ्या लांब आले. जा आत, तिची माय चहा करू राहिली.